छतातला दिवा नेमका कशाला टांगलाय?

हा लेख वाचता वाचता एकदा मोबाइल खाली ठेवा आणि मान वर करून छताकडे बघा. फॉल्स सीलिंग असेल तर त्यात गोल दिवे असतील, कडेने लपवलेल्या स्ट्रिपचा उजेड असेल, कदाचित मधोमध एखादं झुंबर असेल. छान दिसतंय ना? आता एका प्रश्नाचं उत्तर द्या. तो मधला दिवा कशाला टांगलाय?

"छताला," असं तुम्ही म्हणाल. आमच्या आत्यालाही तसंच वाटत होतं.

आत्या वडोदऱ्याला राहते. दोन वर्षांपूर्वी तिने हॉलचं काम करून घेतलं. जिप्समचं फॉल्स सीलिंग, चार कोपऱ्यांत डाऊनलाइट आणि बरोबर मध्यभागी पितळ-काचेचं झुंबर. वजन असेल सात किलोच्या आसपास. झुंबराखाली दिवाण. त्या दिवाणावर आत्याचे सासरे, म्हणजे आमचे अप्पा, रोज दुपारी आडवे होतात.

पावसाळ्यात झुंबराच्या वाटीभोवती केसासारखी बारीक रेघ दिसू लागली. सगळ्यांना वाटलं, रंगाला तडा गेला असेल. दिवाळीला रंग काढू तेव्हा बघू. एका दुपारी अप्पा चहा झालाय का ते बघायला उठले आणि मागे 'कट्ट' असा आवाज झाला. आत्या बाहेर आली तेव्हा झुंबर दोन वायरींवर लटकत होतं. तिने अप्पांना दारातच धरलं. पुढच्याच क्षणी वायरी सुटल्या आणि सगळं दिवाणावर कोसळलं. उशीत काचा घुसल्या होत्या.

मी महिनाभराने गेले तेव्हा ती उशी आत्याने टाकली नव्हती. "राहू दे," ती म्हणाली, "बघितली की लक्षात राहतं."

नंतर छत उघडून पाहिलं तेव्हा चूक स्पष्ट दिसली. झुंबराचा हूक प्लायवुडच्या एका तुकड्याला स्क्रूने बसवलेला होता आणि तो तुकडा जिप्समच्या बोर्डवर नुसता ठेवलेला होता. लोखंडी पट्टीला नाही आणि वरच्या स्लॅबलाही नाही. सात किलोचं झुंबर दोन वर्षं बोट-दीड बोट जाडीच्याही निम्म्या बोर्डने तोलून धरलं होतं. आणि तिथून जेमतेम दीड फुटावर, स्लॅबमध्ये, घर बांधतानाच बसवलेला पंख्याचा मजबूत लोखंडी हूक तसाच रिकामा होता. डिझाइनचा मध्य आणि हूक जुळत नव्हते, म्हणून त्याचा वापरच झाला नाही.

हा लेख त्या दीड फुटाबद्दल आहे.

फॉल्स सीलिंग हे छत नाही

नावातच सगळं आहे. आपलं खरं छत म्हणजे सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब. फॉल्स सीलिंग त्याच्याखाली टांगलेला पडदा असतो. तो स्वतःच टांगलेला असतो, म्हणून त्याला दुसरं काही टांगायचं तर आधी विचार करावा लागतो.

जिप्समचं सीलिंग कसं बनतं ते थोडक्यात बघू. स्लॅबला धातूचे फास्टनर ठोकून त्यातून पत्र्याच्या पातळ पट्ट्या खाली सोडतात. त्यांना आडवी चॅनेल जोडतात, साधारण चार-चार फुटांच्या अंतरावर. त्या चॅनेलच्या खाली काटकोनात दुसऱ्या पट्ट्या येतात, साधारण दीड-दीड फुटावर. या सगळ्या पट्ट्या जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या असतात आणि खालच्या पट्ट्यांचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो. त्यांना खालून १२.५ मिलिमीटर जाडीचे बोर्ड स्क्रूने आवळतात. बोर्ड म्हणजे कागदाच्या दोन थरांमध्ये दाबलेलं जिप्सम. एका चौरस मीटरचं वजन आठ किलोच्या आसपास भरतं.

म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत हा सांगाडा नव्वद किलोच्या आसपास बोर्ड आधीच उचलून उभा असतो. तेवढ्यासाठीच तो बनवलेला आहे. दोन पट्ट्यांच्या मधल्या दीड फुटात वर काहीच नसतं, फक्त बोर्ड. तिथे जड वस्तू टांगली तर सगळा भार त्या कागद-जिप्समवर येतो. एका बिंदूवर सतत ओढ बसली की बोर्ड हळूहळू वाकतो, भेगाळतो आणि एक दिवस तुटतो. पावसाळ्यात बोर्डने ओल धरली तर हे आणखी लवकर होतं.

पीओपीच्या छताचं दुखणं थोडं वेगळं. काही जुन्या पीओपी छतांत नारळाचा काथ्या पीओपीत भिजवून त्याचे पीळ आधारासाठी वापरलेले असतात. नवीन असताना ते दगडासारखे घट्ट लागतात. पण काथ्या शेवटी काथ्याच. ओल, गळती आणि वर्षं यांच्यापुढे तो कमजोर होत जातो. लंडनच्या अपोलो नाट्यगृहात १९ डिसेंबर २०१३ रोजी नाटक चालू असताना छताचा भाग प्रेक्षकांवर कोसळला आणि पंचाहत्तरहून अधिक लोक जखमी झाले. ते नाट्यगृह १९०१ सालचं. छत धरून ठेवणारे तागाच्या कापडाचे आणि प्लास्टरचे बंध काळाच्या ओघात कमकुवत झाले होते, असं चौकशीत निघालं. खालून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नव्हतं.

आधी वजन, मग डिझाइन

दिवा निवडताना आपण रंग बघतो, वॅट बघतो, किंमत बघतो. वजन कुणी विचारत नाही. ते खोक्यावर लिहिलेलं असतं. नसेल तर घरच्या वजनकाट्यावर ठेवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

मग हा ढोबळ हिशोब लावा. कंपनीच्या माहितीपत्रकात याहून कडक सूचना असेल तर तीच पाळा.

अर्ध्या किलोपर्यंत: छोटे गोल डाऊनलाइट आणि पातळ पॅनेल यात येतात. ते बोर्डात भोक पाडून स्प्रिंगच्या क्लिपांवर बसवता येतात. भोक मात्र दिव्याच्या मापाचंच हवं. सैल झालं तर क्लिपा नीट पकडत नाहीत. भोक पाडताना वरची पट्टी कापली जात नाही ना, हेही बघायचं.

अर्धा ते दोन किलो: छोटे हँगिंग लाइट आणि मोठी पॅनेल. यांचा भार बोर्डवर न देता लोखंडी सांगाड्यावर द्यायचा. त्यासाठी दोन पट्ट्यांच्या मध्ये जास्तीची आडवी पट्टी किंवा जाड प्लाय टाकून तो दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांना स्क्रूने घट्ट जोडतात. नुसता ठेवायचा नाही, जोडायचा. शिवाय स्लॅबपर्यंत एक सुरक्षेची तार.

दोन किलोच्या वर: थेट स्लॅबला. झुंबर, मोठा हँगिंग लाइट, पंखा, सगळं यातच. इथे "चालतंय की" हा शब्द वापरायचाच नाही.

टांगायचा हूक किती ताकदीचा हवा? टांगलेल्या दिव्यांसाठीच्या आयईसी ६०५९८ या आंतरराष्ट्रीय मानकात टांगणीची चाचणी अशी सांगितली आहे की दिव्याच्या वजनाच्या चौपट भार एक तास लावून ठेवायचा. आत्याच्या सात किलोच्या झुंबराचे चौपट झाले अठ्ठावीस किलो. म्हणजे जवळजवळ भरलेलं गॅस सिलिंडर. आता स्वतःला विचारा, तुमच्या फॉल्स सीलिंगच्या बोर्डला तुम्ही सिलिंडर टांगाल का? नाही ना? मग झुंबरही टांगू नका.

स्लॅबला टांगायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

हे काम सीलिंगचा सांगाडा उभा राहण्याआधी ठरलं पाहिजे. एकदा बोर्ड लागले, पुट्टी झाली, रंग झाला की मग छत फोडायला कुणाचं मन होत नाही आणि जुगाड सुरू होतात. म्हणून क्रम असा ठेवा.

स्लॅबमधला पंख्याचा हूक किंवा फॅन बॉक्स कुठे आहे ते आधी बघा. शक्य असेल तर डिझाइनचा मध्यच तिथे न्या. डिझाइन कागदावर आहे, ते सरकतं. हूक काँक्रीटमध्ये आहे, तो सरकत नाही. जुन्या घरात हूक गंजलेला असेल तर आधी तो तपासून घ्या.

हूक नसेल तर स्लॅबमध्ये धातूचा अँकर फास्टनर बसवावा लागतो. ड्रिलचं भोक प्लास्टर ओलांडून काँक्रीटमध्ये पुरेसं खोल जायला हवं. प्लास्टरची जाडी आधारात धरायची नाही. प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रू भिंतीवरच्या फोटोला ठीक, डोक्यावर लटकणाऱ्या झुंबराला नाही.

ड्रिल करण्याआधी एक सावधगिरी. स्लॅबमध्ये वायरींचे पाइप आणि लोखंडी सळ्या असतात. बऱ्याच नव्या उंच इमारतींत पोस्ट-टेन्शन स्लॅब असतात. त्यांत प्रचंड ताणलेल्या पोलादी केबल असतात आणि त्यातल्या एखाद्या केबलला ड्रिल लागणं धोक्याचं ठरू शकतं. म्हणून नव्या टॉवरमध्ये राहत असाल तर सोसायटीच्या कार्यालयात किंवा बिल्डरकडे विचारा, कुठे आणि किती खोल ड्रिल करायला परवानगी आहे. वरच्या मजल्यावरच्यांचं बाथरूम आपल्या छतावर असेल तर तिथेही सांभाळून.

फास्टनरपासून आट्यांचा रॉड किंवा साखळी खाली सीलिंगपर्यंत आणतात. रॉडला एकावर एक असे दोन नट आवळतात. पंख्याच्या किंवा दाराच्या हादऱ्याने एक सैल झाला तरी दुसरा धरून ठेवतो. रॉड बोर्डमधून जिथे बाहेर येतो तिथलं भोक थोडं मोठं ठेवायचं. झुंबराची वाटी बोर्डला टेकली तरी चालेल, पण तिने बोर्डला दाबायचं किंवा ओढायचं नाही. वाटी फक्त भोक झाकण्यासाठी आहे.

पंख्याचंही तसंच. रॉड सरळ स्लॅबच्या हूकपर्यंत जायला हवा आणि बोर्डच्या भोकात तो घासायला नको. पंखा सतत थरथरत असतो. ती थरथर बोर्डला लागली की सांध्यांना भेगा पडणारच.

शेवटी दिवा लावण्याआधी टांगणीला वजन लावून बघा. वाळूची पिशवी किंवा पाण्याचे कॅन चालतील. एक तास ठेवा, खाली कुणी उभं राहू नका. वाकलं नाही, सरकलं नाही, मग दिवा चढवा. आत्याकडे दुसऱ्यांदा काम झालं तेव्हा तिने स्वतः पाण्याचे पाच-पाच लिटरचे सहा कॅन गोणीत भरून टांगायला लावले. कारागीर हसत होता. ती हसली नाही.

ऑफिस, क्लास आणि दवाखान्यातली चौकटींची छतं

घरापेक्षा वेगळं एक सीलिंग आपण रोज बघतो. बँकेत, दवाखान्यात, कोचिंग क्लासमध्ये. दोन बाय दोन फुटांच्या चौकटी आणि त्यांत ठेवलेल्या टाइल. याला ग्रिड सीलिंग म्हणतात. त्यातली एक टाइल काढून तिच्या जागी एलईडी पॅनेल ठेवून देतात. काम सोपं वाटतं आणि इथेच गफलत होते.

टाइल हलकी असते. पॅनेल तिच्याहून जड असू शकतं आणि ते चौकटीच्या बारीक कडेवर नुसतं टेकलेलं असतं. चौकट थोडी पसरली, कुणी एसीचं काम करताना धक्का दिला किंवा भूकंपाचा हलका धक्का बसला की पॅनेल तिरकं होऊन खाली येऊ शकतं.

उपाय स्वस्त आहे. पॅनेलच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांतून स्लॅबपर्यंत जस्ताचा मुलामा दिलेल्या दोन तारा थोड्या सैल ठेवून बांधायच्या. रोजचा भार चौकट उचलते. चौकटीने दगा दिला तर तारा दिव्याला डोक्यावर पडू देत नाहीत. अमेरिकेत भूकंपप्रवण भागांसाठीच्या मानकात हा नियमच आहे. १० पौंडांपर्यंत, म्हणजे साडेचार किलोपर्यंतच्या दिव्याला किमान एक तार. त्याहून जड दिव्याला दोन. आणि ५६ पौंडांच्या वर, म्हणजे साधारण २५ किलोंच्या वरचा दिवा चौकटीच्या भरवशावर ठेवायचाच नाही, तो थेट इमारतीच्या मूळ सांगाड्याला टांगायचा.

भूकंपाचं नाव काढलं की "आपल्याकडे कुठे?" असं वाटतं. पण १९६७ सालचा कोयनेचा आणि १९९३ सालचा किल्लारीचा भूकंप आपल्याच महाराष्ट्रातले. २००१ मध्ये भुज हादरलं. दिल्ली, देहरादून, गुवाहाटीला राहणाऱ्या आपल्या मंडळींना तर धक्के अधूनमधून जाणवतातच. जपानमध्ये मार्च २०११ च्या महाभूकंपात इमारती उभ्या राहिल्या, पण अनेक ठिकाणी आतली टांगलेली छतं कोसळली. टोकियोतल्या एका सभागृहात त्यामुळे दोघांचा जीव गेला. त्यानंतर तिथे मोठ्या टांगलेल्या छतांसाठी नियम कडक झाले आणि ते २०१४ पासून लागू आहेत. इमारत मजबूत असणं आणि तिच्यात टांगलेल्या गोष्टी मजबूत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमची मुलं ज्या क्लासला किंवा शाळेला जातात तिथे असं छत असेल तर पालकसभेत हा एक प्रश्न नक्की विचारा: "दिव्यांना वरून तारा बांधल्या आहेत का?" एक टाइल सरकवली की उत्तर दिसतं.

गंज आणि गोंद, दोन्हीवर विश्वास नको

अमेरिकेतल्या बॉस्टन शहराच्या भुयारी रस्त्यात फेब्रुवारी २०११ मध्ये एक दिवा रस्त्यावर पडला. त्याचं वजन होतं ११० पौंड, म्हणजे सुमारे ५० किलो. सुदैवाने कुणाला लागलं नाही. कारण शोधलं तेव्हा कळलं की दिव्याचा सांगाडा ॲल्युमिनियमचा होता, त्याला धरणाऱ्या क्लिपा स्टेनलेस स्टीलच्या आणि त्यांच्या मध्ये खारट ओलावा शिरत होता. दोन वेगळे धातू आणि मीठपाणी एकत्र आले की त्यातला एक धातू झपाट्याने झिजतो. त्या भुयारांत तसे सुमारे २५ हजार दिवे होते आणि ते बदलावे लागले.

त्याच प्रकल्पात २००६ च्या जुलैमध्ये छताची काँक्रीटची पाट्या एका गाडीवर कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला होता. तिथे फास्टनर काँक्रीटमध्ये चिकटवायला जे इपॉक्सी वापरलं होतं, ते सततच्या भाराखाली हळूहळू ताणलं जात होतं. पहिल्या दिवशी घट्ट बसलेली गोष्ट वर्षांनीही तशीच घट्ट असेल असं नाही.

यातून आपण काय घ्यायचं? मुंबई, रत्नागिरी, मालवण, पणजी, मंगळूर, चेन्नई, विशाखापट्टणम, अशा समुद्रकाठच्या शहरांत राहत असाल तर साधे लोखंडी स्क्रू आणि हूक वापरू नका. जस्ताचा चांगला मुलामा असलेलं किंवा स्टेनलेस स्टीलचं सामान मागा आणि जोडणीत शक्यतो एकाच प्रकारचा धातू ठेवा. बाथरूम आणि स्वयंपाकघरातही वाफ असते, तिथेही हेच. आणि नुसत्या दुहेरी टेपवर किंवा गोंदावर छताला काहीही जड चिकटवू नका. एलईडी स्ट्रिप ठीक आहे, तिचा ड्रायव्हर नाही.

वायर वजन उचलायला नसते

आत्याकडे झुंबर शेवटच्या क्षणी दोन वायरींवर लटकलं. वायर ताणली गेली की जोड सुटतो, जोड सुटला की ठिणगी उडू शकते. त्यामुळे आधार आणि वीज यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

टांगणी साखळीची किंवा रॉडची असावी आणि वायर तिच्या बाजूने थोडी सैल सोडलेली असावी. वरचे सगळे जोड बंद डब्यात, कनेक्टर लावून करावेत. नुसती काळी टेप गुंडाळून बोर्डवर टाकून दिलेले जोड उष्णतेने सैल होतात आणि उंदरांना ते फार आवडतात. वायरी पाइपमधून न्याव्यात आणि पाइप स्लॅबला क्लिपांनी धरलेले असावेत, टाइलवर लोळत नसावेत. धातूच्या दिव्याला अर्थिंगची वायर हवीच. घराच्या डीबीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का, तेही याच निमित्ताने बघून घ्या.

एलईडी गरम होत नाही हा एक गैरसमज. दिव्याचा पुढचा भाग थंड वाटतो, पण मागची बाजू आणि ड्रायव्हर तापतो. त्याला श्वास घ्यायला वर जागा हवी. त्यावर थर्माकोल किंवा फोम अंथरला तर दिवा लवकर जातो आणि आगीचा धोका वाढतो. ड्रायव्हर जिथे असेल तिथे हात पोहोचेल असं छोटं झाकण सीलिंगमध्ये ठेवून घ्या. नाहीतर शंभर-दोनशे रुपयांचा ड्रायव्हर बदलायला छत कापावं लागतं.

हे सगळं काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. आणि दिवा साफ करायचा असला तरी आधी एमसीबी खाली पाडा, नुसतं बटण बंद करून थांबू नका.

सणासुदीला छतावर प्रेम जरा कमी करा

आपल्याकडे छताला काही ना काही टांगल्याशिवाय कार्यक्रम पूर्ण होत नाही. गणपतीला मखराच्या वर झालर, दिवाळीला आकाशकंदील, वाढदिवसाला फुगे. कागदाची झालर बोर्डला टेपने लावा, काही बिघडत नाही. पण डाऊनलाइटच्या कडेला दोरी बांधणं, झुंबराच्या फांदीला माळा गुंडाळणं, ग्रिडच्या चौकटीला मोठा कंदील अडकवणं टाळा. दिव्याचा आधार दिव्यापुरताच मोजलेला असतो.

आणि बारशाचा पाळणा. नव्या घरात फॉल्स सीलिंग केलंत की पाळण्याचा हूक आठवणीने स्लॅबमध्येच ठेवून घ्या आणि तो सीलिंगच्या खाली काढून घ्या. आज घरात बाळ नसेल, उद्या येईल. सीलिंगच्या पट्टीला पाळणा बांधायची वेळ कुणावर येऊ देऊ नका. जागाच नसेल तर स्टँडचा पाळणा आणा, बाळाला त्यातही तितकीच छान झोप लागते.

घरात सीलिंग आधीच झालंय?

घाबरू नका, पण बघून घ्या. या खुणा दिसल्या तर थांबू नका:

- दिव्याच्या किंवा पंख्याच्या वाटीभोवती गोल भेग
- वाटी आणि छत यांच्यामध्ये नव्याने पडलेली फट
- दिव्याजवळ बोर्डला आलेला पोट सुटल्यासारखा बाक
- पिवळट डाग किंवा ओल
- स्क्रूच्या जागी पुट्टीचे छोटे उंचवटे
- पंखा लावल्यावर दिवे हलणं किंवा खुळखुळणं
- खाली फरशीवर पडलेली पांढरी भुकटी

यातलं काही दिसलं तर आधी खालची जागा मोकळी करा. पाळणा, पलंग, अभ्यासाचं टेबल दुसरीकडे न्या. वीज बंद करा. मग माणूस बोलवा. दिवा हाताने हलवून बघू नका.

काहीच दिसत नसलं तरी जड दिवा असेल तर एकदा वायरमनला बोलावून वाटी खाली सरकवून घ्या आणि मोबाइलच्या टॉर्चने आत बघा. रॉड किंवा साखळी सरळ वर अंधारात स्लॅबकडे जाताना दिसली तर निश्चिंत व्हा. ती बोर्डच्या वरच संपत असेल तर काय करायचं ते आता तुम्हाला माहीत आहे. भाड्याच्या घरात असाल तर फोटो काढून मालकांना पाठवा. ही मागणी नखऱ्याची नाही.

नवीन काम करून घेत असाल तर कारागिराला हे पाच प्रश्न विचारा आणि बोर्ड लागण्याआधी सांगाड्याचे फोटो काढून ठेवा:

१. या दिव्याचं वजन किती आहे?
२. त्याचा भार बोर्डवर, पट्टीवर की स्लॅबवर?
३. फास्टनर धातूचा आहे का, आणि काँक्रीटमध्ये किती खोल गेलाय?
४. एक आधार सुटला तर दुसरा कोणता?
५. उद्या दुरुस्ती करायची तर हात कुठून घालायचा?

चांगला कारागीर या प्रश्नांनी चिडत नाही. उलट त्याला बरं वाटतं की कुणीतरी वर काय केलंय ते विचारतंय, कारण त्याची सगळी मेहनत नंतर झाकलीच जाणार असते.

आत्याच्या हॉलमध्ये आता झुंबर बरोबर मध्यभागी नाही. ते दीड फूट खिडकीकडे सरकलंय, स्लॅबच्या जुन्या हूकखाली. पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्यांना ते खटकतं. कुणी विचारलंच तर अप्पा दिवाणावर आडवे झाल्या झाल्या वर बोट दाखवतात आणि सांगतात, "असू दे तिरकं. आता त्याच्याखाली झोप लागते."

तर मग, मोबाइल ठेवा आणि एकदा वर बघून घ्या.